चांगले लँडिंग डाउनविंडवर घडते
प्रशिक्षणार्थी लष्करी वैमानिकासाठी सर्किटचे धडे

धावपट्टीभोवती ठरावीक उंचीवरून, ठरावीक अंतर राखून आणि ठरावीक दिशेने फिरत विमान ज्या मार्गाने उतरते, त्याला सर्किट किंवा लँडिंग पॅटर्न म्हणतात. या मार्गाला पाच बाजू असतात. वाऱ्याला तोंड देऊन उड्डाण केल्यावरचा सरळ चढ म्हणजे अपविंड. तिथून काटकोनात वळल्यावरची छोटी बाजू म्हणजे क्रॉसविंड. धावपट्टीला समांतर, पण उतरण्याच्या उलट दिशेने जाणारी लांब बाजू म्हणजे डाउनविंड. पुन्हा काटकोनात वळून उंची कमी करायची ती बेस आणि शेवटी धावपट्टीच्या सरळ रेषेत यायचे ती फायनल. वळणे बहुधा डावीकडे असतात. ज्या बाजूला सर्किट चालते ती लाइव्ह साइड आणि धावपट्टीच्या पलीकडची ती डेड साइड. पंख्याच्या प्रशिक्षण विमानांचे सर्किट सामान्यतः जमिनीपासून १,००० फुटांवर असते, जेट विमानांचे त्याहून वर.

या मार्गाचे दोन उपयोग आहेत. पहिला शिस्तीचा. एकाच धावपट्टीवर अनेक प्रशिक्षणार्थी एकाच वेळी उडत असतात आणि कोणते विमान कुठे सापडेल हे सर्किटमुळे सगळ्यांना आधीच ठाऊक असते. दुसरा उपयोग शिकणाऱ्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. सर्किट ही मोजपट्टी आहे. प्रत्येक फेरीत उंची, वेग आणि अंतर तेच ठेवले, तर चूक नेमकी कुठे झाली ते उघड दिसते. दर वेळी निराळ्या जागेहून निराळ्या वेगाने वळणारा विद्यार्थी पन्नास लँडिंग करूनही पन्नास वेगवेगळे प्रयोगच करत राहतो. म्हणून चाके टेकण्याच्या क्षणाइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष त्याआधीच्या तीन-चार मिनिटांकडे द्यावे लागते.

शिक्षणाची जागा आणि विमान

भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांचे मूलभूत उड्डाण प्रशिक्षण हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील हवाई दल अकादमीत होते. २००९ मध्ये एचपीटी-३२ दीपक ही विमाने उड्डाणातून काढल्यावर स्वित्झर्लंडमध्ये बनलेली पिलाटस पीसी-७ मार्क २ विमाने घेण्यात आली आणि २०१३ पासून ती वापरात आहेत. एकामागे एक अशी दोन आसने, टर्बोप्रॉप इंजिन, आत ओढता येणारी चाके आणि इजेक्शन सीट असलेले हे विमान नवशिक्यासाठी चपळ आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ७० एचटीटी-४० प्रशिक्षण विमानांचा करार २०२३ मध्ये झाला. मूलभूत टप्प्यानंतर विद्यार्थी लढाऊ, मालवाहू आणि हेलिकॉप्टर अशा शाखांत विभागले जातात. लढाऊ शाखेतील वैमानिक पुढे बीदरला हॉक विमानावर तयार होतात.

महाराष्ट्रातून या वाटेने जाणारे अनेक विद्यार्थी पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून येतात. त्यांच्यापैकी काहींनी छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत तयारी केलेली असते. शाळेतले त्रिकोणमितीचे आणि सापेक्ष वेगाचे धडे सर्किटमध्ये प्रत्यक्ष कामाला येतात, हे या विद्यार्थ्यांनी आरंभापासूनच लक्षात ठेवावे.

जमिनीवरची तयारी

लष्करी उड्डाण प्रशिक्षणाला वेळेची मर्यादा असते. ठरलेल्या तासांत ठरलेली पातळी गाठावीच लागते. हवेत मिळणारे मिनिट म्हणून फार मोलाचे असते आणि जे जमिनीवर पाठ होऊ शकते त्यासाठी हवेतला वेळ खर्च करू नये. सर्किटच्या प्रत्येक टप्प्यावरची तपासणी, वेग, फ्लॅपची स्थिती आणि रेडिओवरचे बोलणे झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजे.

यासाठी सर्वांत उपयोगी सराव खुर्चीवर बसून करायचा असतो. डोळे मिटावेत, डावा हात थ्रॉटलवर आणि उजवा स्टिकवर आहे असे धरावे आणि उड्डाणापासून थांबण्यापर्यंतची एक फेरी खऱ्या वेळेत पूर्ण करावी. हात जिथे जायला हवा तिथे न्यावा, डोळे जिथे पाहायला हवेत तिथे वळवावेत, रेडिओवरचे शब्द मोठ्याने म्हणावेत. अशी फेरी कुठे अडखळली, तर हवेतही ती तिथेच अडखळणार हे नक्की. त्याशिवाय जमिनीवरच्या मोकळ्या जागेत सर्किट आखून त्यावरून चालत सराव करणेही फायद्याचे असते.

तळाच्या परिसराचा नकाशाही डोळ्यांसमोर हवा. कोणत्या तळ्यावर क्रॉसविंडचे वळण येते, डाउनविंडवर पंखाखाली कोणता रस्ता दिसतो, बेसला वळताना समोर कोणती टेकडी असते, याची नोंद वहीत असावी. मात्र या खुणांवर पूर्णपणे विसंबू नये. दुसऱ्या धावपट्टीवर, दुसऱ्या तळावर त्या नसतात. धावपट्टीशी जुळवलेले अंतर आणि कोन हीच कायमची खूण.

उंचीमापकाचा हिशेबही जमिनीवरच पक्का करावा. उंचीमापकावर क्यूएफई हा दाब लावल्यास धावपट्टीवर उभ्या विमानाचा उंचीमापक शून्य दाखवतो. क्यूएनएच लावल्यास तो समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. दुंडिगल समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. तिथे १,००० फुटांचे सर्किट पहिल्या पद्धतीत १,००० वर आणि दुसऱ्या पद्धतीत सुमारे ३,००० वर वाचले जाईल. तळाच्या स्थायी आदेशात जी पद्धत असेल तिचे आकडे पाठ हवेत.

उड्डाण ते डाउनविंड

टर्बोप्रॉप विमानात थ्रॉटल पुढे नेताच नाक डावीकडे ओढ घेते. वैमानिकाच्या बाजूने पाहता पंखा उजवीकडे फिरतो आणि त्याचा पीळ व त्याने मागे फेकलेला वळता झोत यांचा हा परिणाम असतो. उजव्या रडरने तो सावरावा लागतो. वेग वाढला की रडर कमी लागतो आणि शक्ती कमी केली की ओढ उलटी वाटते. म्हणजे सर्किटमध्ये जेव्हा जेव्हा थ्रॉटल हलतो, तेव्हा तेव्हा पायही हलला पाहिजे आणि लगोलग ट्रिमही झाले पाहिजे. ट्रिम न केलेले विमान हाताला सतत ओढत राहते. मग सगळे लक्ष ते धरून ठेवण्यात जाते आणि बाहेर पाहायला, ऐकायला, विचार करायला काही उरत नाही. सर्किटमध्ये गोंधळणारे बरेच विद्यार्थी प्रत्यक्षात ट्रिममध्ये कमी पडलेले असतात.

चाके आणि फ्लॅप आत घेऊन, ठरलेल्या वेगाने चढत, वळणापूर्वी त्या बाजूला नीट पाहून क्रॉसविंडला वळावे. सर्किटची उंची गाठण्याच्या जरा आधीच नाक खाली आणण्यास सुरुवात करावी, म्हणजे उंची ओलांडली जात नाही. क्रम नेहमी एकच ठेवावा. आधी नाकाची स्थिती, मग शक्ती, मग ट्रिम.

डाउनविंडला आल्यावर तीन गोष्टी जुळवायच्या असतात. विमान धावपट्टीला समांतर हवे, उंची पक्की हवी आणि धावपट्टीपासूनचे अंतर बरोबर हवे. अंतर मोजण्यासाठी पंखावरची ठरलेली खूण वापरतात. पंख सपाट असताना धावपट्टी पंखाच्या अमुक भागाला टेकलेली दिसली की अंतर योग्य. पंख जरा जरी कललेला असेल, तर ही खूण फसवते. म्हणून आधी पंख सपाट करावेत, मगच अंतर तपासावे.

रेडिओवर डाउनविंडची सूचना द्यावी आणि त्याच वेळी रोलर करणार की पूर्ण थांबणार हे सांगावे. चाके टेकवून न थांबता पुन्हा उड्डाण करणे म्हणजे रोलर. त्यानंतर तपासणी. चाके खाली घेताना तिन्ही हिरवे दिवे लागलेले प्रत्यक्ष बघावेत. पाठ झालेल्या तपासणीत हाच धोका असतो की, तोंड बोलत राहते आणि डोळे पाहत नाहीत. फायनलवर "थ्री ग्रीन्स" म्हणण्यापूर्वी दिव्यांकडे पुन्हा नजर टाकावी. धावपट्टीच्या टोकाशी बसलेला रनवे कंट्रोलर येणाऱ्या विमानाची चाके दुर्बिणीने पाहतो आणि ती खाली नसतील तर लाल इशारा-फ्लेअर उडवून परत वर धाडतो. हा पहारा वैमानिकाच्या चुकीवरचा अखेरचा उपाय आहे. त्यावर भिस्त ठेवायची नसते.

वाऱ्याचा हिशेब

वारा नसेल तर सर्किट नीट आखता येते. पण वारा बहुधा असतोच. आडव्या वाऱ्याचा भाग मनातल्या मनात काढण्याची सोपी रीत अशी. वारा धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर त्याच्या वेगाचा निम्मा भाग आडवा, ४५ अंश असेल तर सुमारे सात दशांश आणि ६० अंश असेल तर सुमारे नऊ दशांश. १५ नॉटचा वारा ६० अंशांतून येत असेल, तर १३ ते १४ नॉट आडवा वारा धरावा.

डाउनविंडवर समांतर राहण्यासाठी नाक वाऱ्याकडे किती वळवायचे, हेही असेच काढता येते. विमान मिनिटाला जितके सागरी मैल कापते, त्या आकड्याने आडव्या वाऱ्याला भागावे. १२० नॉट वेगाने विमान मिनिटाला २ सागरी मैल जाते. आडवा वारा १० नॉट असेल तर नाक ५ अंश वाऱ्याकडे ठेवावे.

हा हिशेब चुकला तर काय होते, हे वळणाच्या व्यासावरून कळते. १२० नॉट खऱ्या वेगाने, ३० अंश कल ठेवून उंची राखत वळणाऱ्या विमानाच्या वळणाची त्रिज्या सुमारे ६७० मीटर असते. डाउनविंडवरून थेट फायनलवर अर्धवर्तुळ काढायचे तर धावपट्टीपासून सुमारे १,३५० मीटर अंतर हवे. वाऱ्याने विमान ३०० मीटर आत ढकलले, तर तेच वळण पूर्ण करायला सुमारे ३६ अंश कल लागेल. शिवाय ज्या वाऱ्याने विमान आत ढकलले, तोच वारा बेसवर पाठीमागून येतो आणि विमानाला फायनलच्या रेषेपलीकडे नेऊ पाहतो. एकाच कारणाची दोनदा किंमत मोजावी लागते. अशा दिवशी डाउनविंड मुद्दाम थोडे बाहेर ठेवणे आणि वळण थोडे आधी सुरू करणे हाच उपाय.

उष्णतेचाही परिणाम असतो. एप्रिल-मे महिन्यांत २,००० फूट उंचीच्या तळावर तापमान ४० अंश सेल्सिअस असेल, तर हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण सुमारे साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखे वाटते. वेगमापक १०० नॉट दाखवत असताना खरा वेग १०८ ते १०९ नॉट असतो. वळणे रुंद होतात, चढ मंदावतो आणि धावपट्टी जास्त लागते. वेगमापकावरचे आकडे मात्र बदलायचे नसतात, कारण पंखाला उचल देणारी हवा त्याच मापकाने मोजली जाते. उन्हाळ्यात बदलायचे ते अंतर.

फायनलकडचे वळण

नागरी उड्डाण क्लबमध्ये बेस ही वेगळी सरळ बाजू असते. लष्करी प्रशिक्षणात पुष्कळदा डाउनविंडच्या शेवटापासून फायनलपर्यंत उंची कमी करत एकच सलग वळण घेतात. याला फायनल टर्न म्हणतात. या वळणात उंची, वेग, कल आणि धावपट्टीची रेषा या चारही गोष्टी एकाच वेळी बदलत असतात आणि जमीन जवळ येत असते. सर्किटमधील सर्वांत जपून उडवण्याचा हा भाग आहे.

वळणाच्या मध्यावर, म्हणजे धावपट्टीशी काटकोनात असताना, उंची आणि वेग किती हवा याचे ठरलेले आकडे असतात. तिथे तपासून लगेच दुरुस्ती करावी. उंच असेल तर शक्ती कमी करावी, खाली असेल तर वाढवावी. मध्यावर झालेली लहान दुरुस्ती फायनलवरची मोठी धावपळ वाचवते.

सर्वांत मोठा धोका वळण पुढे निघून जाण्यात असतो. विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे चालले आहे असे दिसताच विद्यार्थ्याच्या हाताला कल वाढवून स्टिक मागे ओढण्याचा मोह होतो. उंची राखत घेतलेल्या वळणात स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल तुटण्याचा, वेग ३० अंश कलाला सुमारे ७ टक्के, ४५ अंशांना १९ टक्के आणि ६० अंशांना ४१ टक्के वाढतो. उदाहरणादाखल, एखाद्या विमानाचा सरळ उड्डाणातला स्टॉल वेग ७० नॉट धरला आणि त्याच्या १.३ पट, म्हणजे ९१ नॉट, इतका वेग फायनलला ठेवला, तर ४५ अंश कलाला स्टॉल ८३ नॉटवर येतो. हाताशी फक्त ८ नॉट उरतात. ६० अंशांना स्टॉल ९९ नॉटवर जातो, म्हणजे ओढ तितकीच ठेवली तर ९१ नॉटवर विमान उडूच शकत नाही.

याहून घातक मोह पायाचा असतो. कल वाढवायची भीती वाटते म्हणून आतल्या बाजूचा रडर दाबून नाक वळवले जाते. मग विमान घसरत वळते आणि अशा स्थितीत स्टॉल झाला तर आतला पंख आधी कोसळून स्पिन सुरू होतो. काही शे फुटांवर स्पिनमधून सावरायला उंची नसते. इजेक्शन सीट असली तरी विमान कललेले आणि वेगाने खाली जात असताना पॅराशूट उघडण्यास मिळणारा अवकाश झपाट्याने घटतो. म्हणून नियम निरपवाद आहे. फायनल टर्नमध्ये ठरलेल्या कमाल कलाच्या वर जायचे नाही. घसरण दाखवणाऱ्या मापकातला चेंडू मध्यभागी ठेवायचा. रेषा हुकत असेल तर पंख सपाट करून, शक्ती लावून वर जायचे आणि नवी फेरी घ्यायची.

फायनल: खूण, वेग, उतार

फायनलवर आल्यावर नजर दोनच ठिकाणी फिरली पाहिजे. धावपट्टीवरचा लक्ष्यबिंदू आणि वेगमापक. लक्ष्यबिंदू काचेवर एकाच जागी स्थिर राहिला तर विमान तिथेच चालले आहे. तो काचेवर वर सरकत असेल तर विमान अलीकडे पडणार, खाली सरकत असेल तर पलीकडे जाणार. इतकी साधी आणि इतकी भरवशाची दुसरी खूण नाही.

प्रमाणित उतार ३ अंशांचा असतो. त्यात प्रत्येक सागरी मैलाला सुमारे ३०० फूट उंची कमी होते. जमिनीवरच्या वेगाला पाचाने गुणले की दर मिनिटाला किती फूट उतरायचे ते मिळते. १०० नॉटला ५०० फूट. समोरून २० नॉट वारा असेल तर जमिनीवरचा वेग ८० नॉट होतो आणि तोच उतार राखण्यासाठी ४०० फूट पुरतात. याचा अर्थ, जोराच्या वाऱ्यात शक्ती थोडी जास्त ठेवावी लागते. धावपट्टीशेजारी उतार दाखवणारे पापी (PAPI) दिवे असतील तर दोन पांढरे आणि दोन लाल म्हणजे योग्य उतार. चारही पांढरे म्हणजे फार उंच, चारही लाल म्हणजे धोकादायकपणे खाली.

धावपट्टीची रुंदी आणि चढ-उतार डोळ्यांना फसवतात. सवयीपेक्षा अरुंद धावपट्टीवर आपण उंच आहोत असे वाटते आणि विद्यार्थी नकळत खाली येतो. रुंद धावपट्टीवर उलटे होते आणि फ्लेअर, म्हणजे टेकण्यापूर्वी नाक अलगद उचलणे, फार वर सुरू होते. पुढे चढत जाणारी धावपट्टीही उंच असल्याचा भास निर्माण करते. नव्या तळावर जाण्यापूर्वी त्याच्या धावपट्टीची रुंदी वाचून जाण्याची सवय लावावी.

फ्लेअर आणि चाके टेकणे

धावपट्टीच्या टोकावर आल्यावर नजर लक्ष्यबिंदूवरून उचलून धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यावी. जवळ पाहत राहिल्यास जमीन अंगावर धावून येते असे वाटते आणि हात घाईने मागे येतो. दूर पाहिले की विमान किती बसत आहे ते क्षितिजाच्या आणि धावपट्टीच्या कडांच्या बदलत्या आकारावरून कळते.

शक्ती हळूहळू कमी करत, स्टिक अलगद मागे घेत विमान जमिनीपासून काही फुटांवर धरून ठेवावे. वेग घटत जातो तसे ते बसू पाहते. ते बसू पाहील तितकेच मागे ओढावे. मुख्य चाके आधी टेकली पाहिजेत, नाकाचे चाक नंतर. टेकल्यावरही उड्डाण संपलेले नसते. टॅक्सीचा वेग येईपर्यंत विमान सरळ ठेवणे हा लँडिंगचाच भाग आहे.

तीन चुका वारंवार होतात. ओढ जास्त झाली की विमान वर फुगते. अशा वेळी स्टिक पुढे ढकलू नये. नाकाची स्थिती धरून थोडी शक्ती द्यावी आणि पुन्हा बसू द्यावे. फुगा मोठा असेल तर वर जावे. दुसरी चूक उशिरा ओढण्याची. त्यात विमान आपटून उसळते. उसळलेल्या विमानाचा पाठलाग करत स्टिक पुढे-मागे करणे म्हणजे दर उसळीला पहिलीपेक्षा मोठी उसळी बोलावणे. तेव्हा पूर्ण शक्ती लावून पुन्हा वर जावे. तिसरी चूक वेग जास्त घेऊन येण्याची. असे विमान धावपट्टीवर तरंगत राहते आणि थांबायला जागा कमी पडते.

आडव्या वाऱ्यात फायनलवर नाक वाऱ्याकडे ठेवून सरळ रेषा राखता येते, पण चाके टेकताना विमानाचा अक्ष धावपट्टीच्या रेषेत आलाच पाहिजे. शेवटच्या क्षणी रडरने नाक सरळ करावे आणि वाऱ्याकडचा पंख किंचित खाली धरावा. चाके टेकल्यावरही स्टिक वाऱ्याकडे ठेवावी.

ओव्हरशूट

लष्करी भाषेत लँडिंग सोडून पुन्हा वर जाण्याला ओव्हरशूट म्हणतात. अनेक विद्यार्थ्यांना तो अपयशासारखा वाटतो. तो अपयश नाही. तो वैमानिकाच्या निर्णयशक्तीचा पुरावा आहे. वेग, रेषा, उतार आणि चाके यांपैकी एकही गोष्ट ठरलेल्या उंचीपर्यंत जुळली नाही, तर वर जाण्याचा निर्णय आधीच झालेला असतो. त्या क्षणी फक्त तो अमलात आणायचा. पूर्ण शक्ती, उजवा रडर, नाक चढाच्या स्थितीत, मग चाके आणि फ्लॅप क्रमाने. शक्ती लागल्यावर नाक वर आणि डावीकडे जोराने जाते. ट्रिम लँडिंगसाठी लावलेले असल्याने ही ओढ अधिकच जाणवते. म्हणून ओव्हरशूटचाही सराव इतर फेऱ्यांइतकाच करावा.

इनिशियल आणि पिच

एकट्या विमानाचे आयताकृती सर्किट आले की फॉर्मेशनमधून परतताना वापरायची पद्धत शिकवली जाते. विमाने एकत्र, जास्त वेगाने, उतरण्याच्या दिशेने धावपट्टीच्या रेषेत येतात. या टप्प्याला इनिशियल म्हणतात. धावपट्टीवर आल्यावर पहिले विमान तीव्र कल घेऊन डाउनविंडकडे वळते. त्यामागून ठरलेल्या सेकंदांच्या अंतराने बाकीची वळतात. या वळणाला ब्रेक किंवा पिच असे नाव आहे. वळणातल्या ओढीनेच वेग गळतो आणि विमाने आपोआप एकामागे एक अशी अंतरावर लागतात. युद्धकाळात तळाजवळ हळू आणि खाली उडणारे विमान शत्रूला सोपे लक्ष्य असते. वेग शेवटपर्यंत राखून थोड्या वेळात अनेक विमाने उतरवण्याची ही पद्धत त्या गरजेतून रुळली.

विद्यार्थ्याची चूक इथे बहुधा डाउनविंडवर होते. वेग पुरेसा न गळताच चाके खाली घेण्याची घाई होते, किंवा पुढचे विमान शोधण्यात तपासणी राहून जाते. चाके आणि फ्लॅपच्या वेगमर्यादा पाठ असाव्यात. आधी वेग, मग चाके, मग पुढचे विमान, या क्रमात फरक करू नये. पुढचे विमान जड असेल तर त्याच्या पंखांमागे उठणाऱ्या भोवऱ्यांसाठी अंतर वाढवावे.

इंजिनाशिवाय उतरणे

एका इंजिनाच्या विमानात इंजिन बंद पडल्यावरचे सर्किट स्वतंत्रपणे शिकवतात. धावपट्टीच्या वर जास्त उंचीवर हाय की आणि डाउनविंडच्या बाजूला कमी उंचीवर लो की असे दोन टप्पे ठरलेले असतात. त्या त्या ठिकाणी ठरलेली उंची असेल, तर इंजिनाशिवायही धावपट्टी गाठता येते. इथे गेलेली उंची परत मिळत नाही. म्हणून थोडे उंच राहणे बरे. जादा उंची फ्लॅप, चाके किंवा लांब वळण घेऊन घालवता येते. धावपट्टीपर्यंत पोहोचता येणार नाही हे स्पष्ट झाले, तर इजेक्शनचा निर्णय ठरलेल्या किमान उंचीच्या वरच घ्यायचा असतो. ती उंची पाठ असावी आणि तिथे विचार करत बसू नये.

पुढचा टप्पा

सर्किटची ही सवय पुढे प्रत्येक विमानात उपयोगी पडते. फक्त आकडे बदलतात. तिची सर्वांत कठीण परीक्षा नौदलाच्या वैमानिकांना द्यावी लागते. विमानवाहू नौकेवर फ्लेअर नसतो. विमान तोच उतार राखत थेट डेकवर बसवायचे असते. चाके टेकताच थ्रॉटल पूर्ण पुढे जातो, म्हणजे विमानाचा हूक डेकवरच्या तारेत अडकला नाही तर विमान पुन्हा उडू शकते. गोव्यात आयएनएस हंसा तळावर किनाऱ्यावरच डेकसारखी रचना उभारली आहे. तिथे उतार आणि अडकतारा यांचा सराव होतो. तेजस लढाऊ विमानाच्या नौदल आवृत्तीने तारेत अडकून थांबण्याचे पहिले लँडिंग याच ठिकाणी १३ सप्टेंबर २०१९ रोजी केले. ११ जानेवारी २०२० रोजी हे विमान आयएनएस विक्रमादित्यच्या डेकवर उतरले, तेव्हा ते कमोडोर जयदीप मावळंकर उडवत होते. डेकवर जागा मोजकी असते, पण तिथेही वैमानिकाला आधार देतात त्या गोष्टी दुंडिगलच्या पहिल्या फेरीतल्याच असतात. ठरलेला उतार, ठरलेला वेग, ठरलेली रेषा.

फेरीनंतरची वही

उड्डाण संपल्यावर शिक्षकाशी होणारी चर्चा हा धड्याचा निम्मा भाग असतो. तिच्यानंतर त्याच दिवशी प्रत्येक फेरी वहीत लिहून ठेवावी. डाउनविंडचे अंतर काय होते, वळणाच्या मध्यावर उंची आणि वेग काय होता, फायनलला किती शक्ती लागली आणि चाके कुठे टेकली. "लँडिंग खराब झाले" अशी नोंद निरुपयोगी आहे. "अंतर कमी, मध्यावर १०० फूट जास्त, फायनलला शक्ती पूर्ण कमी, पुढे जाऊन टेकलो" अशी नोंद कारण दाखवते. दहा-बारा नोंदी झाल्या की एकच चूक पुन्हा पुन्हा वर येते आणि ती बहुधा चाके टेकण्याच्या कितीतरी आधीची असते.

प्रगती काही दिवस खुंटल्यासारखी वाटते. फ्लेअरची जाण एकाएकी येते, पण ती येण्याआधीच्या फेऱ्या वाया गेलेल्या नसतात. त्या काळात प्रशिक्षणार्थीने फ्लेअरची चिंता बाजूला ठेवावी आणि डाउनविंडचे अंतर, उंची आणि ट्रिम रोज तंतोतंत तेच ठेवावे. पहिल्या सोलो उड्डाणाला मागचे आसन रिकामे असेल. त्या दिवशी सोबत असेल ती हीच सवय आणि ती पुरेशी असते.